द्राक्षगर्भ आणि वारेचा कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पिशवी साफ केली, रिपोर्टमध्ये मोल आलं, आणि आता दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलंय.’ बहुतेक जणी या वाक्याने सुरुवात करतात आणि मग प्रश्नांची रांग लागते. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही द्राक्षगर्भाचे आहेत, काही त्यातून क्वचित उद्भवणाऱ्या कॅन्सरचे. दोन्हींवर नजर ठेवायचं साधन एकच, बीटा एचसीजी या वारेच्या संप्रेरकाची रक्ततपासणी. म्हणून तिच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

द्राक्षगर्भ म्हणजे नक्की काय? माझ्या पोटात बाळ होतं की नव्हतं?

गर्भ रुजला की त्याच्या काही पेशी बाळ घडवायला लागतात आणि काही वार. वार घडवणाऱ्या पेशींना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. गर्भाशयाच्या भिंतीत शिरायचं आणि आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचायचं हे त्यांचं कामच आहे, त्यामुळे त्या मुळात घुसखोर स्वभावाच्या. नेहमीच्या गरोदरपणात त्या ठरावीक खोलीपर्यंत जाऊन थांबतात. द्राक्षगर्भात मात्र त्या वाढतच सुटतात. वारेचे बारीक तंतू पाण्याने फुगतात आणि सगळं मिळून द्राक्षांच्या घोसासारखं दिसतं. नाव त्यावरूनच पडलं. डॉक्टर त्याला मोलर प्रेग्नन्सी किंवा नुसतं ‘मोल’ म्हणतात.

याचे दोन प्रकार आहेत आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या फरकात आहे. पूर्ण द्राक्षगर्भात आईच्या बीजातली गुणसूत्रं हरवलेली असतात. अशा रिकाम्या बीजात एक शुक्राणू शिरतो आणि स्वतःच्या गुणसूत्रांची दुसरी प्रत काढतो. क्वचित दोन शुक्राणू शिरतात. गुणसूत्रांची संख्या ४६ भरते, पण सगळी वडिलांकडची. त्यातून बाळ तयार होतच नाही, फक्त वार वाढते. अपूर्ण द्राक्षगर्भात बीज चांगलं असतं, पण त्यात दोन शुक्राणू शिरलेले असतात, त्यामुळे ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रं होतात. इथे गर्भाची सुरुवात झालेली असू शकते, मात्र तो जगू शकत नाही.

तेव्हा पहिल्या प्रकारात बाळ नव्हतं, दुसऱ्यात ते होण्याआधीच थांबलं. पण पाळी चुकल्यापासून तुम्ही दिवस मोजत होता, ते खोटं नव्हतं. ‘बाळ नव्हतंच, मग रडतेस कशाला’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

म्हणजे मला कॅन्सर आहे का?

द्राक्षगर्भ हा कॅन्सर नाही. पिशवी साफ केल्यावर बहुतेक जणींचा आजार तिथेच संपतो. पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्यांपैकी साधारण १५ ते २० टक्के आणि अपूर्ण द्राक्षगर्भ झालेल्यांपैकी १ ते ५ टक्के स्त्रियांमध्ये काही पेशी मागे राहतात आणि वाढू लागतात. त्या अवस्थेला जीटीएन (जेस्टेशनल ट्रोफोब्लास्टिक निओप्लेशिया) म्हणतात आणि तिच्यावर कॅन्सरसारखे उपचार करावे लागतात.

जीटीएन या एका नावाखाली चार आजार येतात. द्राक्षगर्भ गर्भाशयाच्या स्नायूत खोल शिरला तर तो इनव्हेजिव्ह मोल. कोरिओकार्सिनोमा हा खराखुरा, वेगाने पसरणारा कॅन्सर. साधारण ४० ते ५० हजार गरोदरपणांमागे एखादीलाच तो होतो. उरलेले दोन, पीएसटीटी (प्लॅसेंटल साइट ट्रोफोब्लास्टिक ट्यूमर) आणि ईटीटी (एपिथेलिऑइड ट्रोफोब्लास्टिक ट्यूमर), त्याहूनही विरळ आणि स्वभावाने अगदी वेगळे. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

माझ्याकडून काही चुकलं का? की त्यांच्याकडून?

नाही. खाणं, धावपळ, जड उचलणं, आधीच्या गोळ्या, यांतल्या कशामुळेही हे होत नाही. जे घडलं ते बीज आणि शुक्राणू एकत्र आले त्या क्षणीच घडलं. वयाचा मात्र संबंध आहे: अगदी कोवळ्या वयात आणि ४५ नंतर राहिलेल्या गरोदरपणात द्राक्षगर्भाचं प्रमाण वाढतं. गुणसूत्रं वडिलांकडची असतात हे कळल्यावर काही घरांत नवऱ्याकडे बोट दाखवलं जातं. तेही चूक. त्याच्या शुक्राणूंत दोष असतो असं नाही.

कोणत्या लक्षणांवरून शंका घ्यायची?

दिवस राहिलेले असताना अंगावरून जाणं, हे सगळ्यात नेहमीचं. पूर्वी फार उशिरा निदान व्हायचं, तेव्हा द्राक्षासारखे दाणे बाहेर पडणं, दिवसांच्या मानाने पोट मोठं दिसणं, उलट्यांनी जीव नकोसा होणं, चौथ्या-पाचव्या महिन्यातच रक्तदाब वाढणं, थायरॉइड वाढल्यासारखी धडधड होणं अशी लक्षणं दिसायची. उलट्या आणि धडधड एचसीजी प्रमाणाबाहेर वाढल्याने होते. आता पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी होत असल्याने पुष्कळदा काहीच त्रास नसताना ‘गर्भ वाढत नाही’ एवढंच कळतं, आणि मोल असल्याचं नंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये निघतं. सोनोग्राफीत अपूर्ण द्राक्षगर्भ बऱ्याचदा साध्या गर्भपातासारखाच दिसतो. त्यामुळे ‘सोनोग्राफीत दिसलं कसं नाही’ म्हणून कुणावर रागावण्यात अर्थ नाही.

यावरून एक गोष्ट मात्र ठरते. गर्भपातानंतर पिशवी साफ केली की निघालेला भाग पॅथॉलॉजीकडे गेला पाहिजे. तो टाकून दिला तर मोल होतं की नव्हतं हे नंतर सांगता येत नाही. दोन प्रकारांत शंका राहिली तर पी-५७ या प्रथिनासाठी पेशींना रंग देऊन बघतात. पूर्ण द्राक्षगर्भाच्या पेशी या तपासणीत रंग घेत नाहीत, कारण ते प्रथिन आईकडून आलेल्या जनुकावर बनतं आणि इथे आईचं जनुकच नसतं.

माझं बाळंतपण व्यवस्थित झालं, बाळ चांगलं आहे. तरी हा कॅन्सर होऊ शकतो?

होऊ शकतो. क्वचितच होतो, पण बेसावध असताना गाठतो तो याच वाटेने. कोरिओकार्सिनोमाच्या साधारण निम्म्या रुग्णांमध्ये आधी द्राक्षगर्भ झालेला असतो. बाकीच्यांमध्ये आधीचं गरोदरपण म्हणजे साधा गर्भपात, नळीतला गर्भ किंवा पूर्ण दिवसांचं बाळंतपण असतं. द्राक्षगर्भ झालेल्या बाईवर निदान कुणाची नजर असते. बाळंत झालेल्या बाईचं अंगावरून जाणं महिनोन्‌महिने चाललं तर घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, होईल कमी. डॉक्टरही कधी कधी पाळीच्या गोळ्या देऊन मोकळे होतात.

हा कॅन्सर रक्तावाटे पसरतो, आणि सगळ्यात आधी बहुधा फुप्फुसांत जातो. म्हणून खोकल्यातून रक्त येणं किंवा दम लागणं हे पहिलं लक्षण असू शकतं. मेंदूत गेला तर फिट येते किंवा अचानक अर्धांगवायूसारखं होतं. अशी तरुण बाई छातीच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे पोचते आणि तिला कुणी ‘शेवटचे दिवस कधी राहिले होते’ असं विचारत नाही. विचारलं पाहिजे. कोणत्याही गरोदरपणानंतर सहा-आठ आठवड्यांपलीकडे रक्त जातच राहिलं, किंवा बाळंतपणाच्या वयातल्या बाईच्या शरीरात कारण न सापडणाऱ्या गाठी दिसल्या, तर गर्भचाचणी करावी. एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी चाचणी कॅन्सरच्या वैद्यकात दुसरी नाही.

द्राक्षगर्भ काढतात कसा? गोळ्या घेऊन पडत नाही का?

सोनोग्राफीच्या देखरेखीखाली, भूल देऊन, सक्शनने काढतात. गोळ्यांनी कळा आणून पाडणं शक्यतो टाळतात, कारण गर्भाशय आवळलं की रक्तस्रावाचा आणि त्या पेशी रक्तात ढकलल्या जाण्याचा धोका असतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन राहून जाऊ देऊ नका. काढल्यानंतर एचसीजीचा आकडा चढाच राहिला तर काही निवडक जणींना दुसऱ्यांदा पिशवी साफ करून केमो टळते. पण हा निर्णय अनुभवी केंद्रानेच घ्यावा, कारण प्रत्येक वेळी गर्भाशयाला भोक पडण्याची जोखीम असतेच.

बीटा एचसीजीचा आकडा कसा वाचायचा?

एचसीजी हे वारेच्या पेशींनी तयार केलेलं संप्रेरक. घरी पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या याच्यामुळेच. शरीरात या पेशी जितक्या जास्त, तितका आकडा मोठा. बहुतेक कॅन्सरांत असा विश्वासू खबऱ्या मिळत नाही. इथे स्कॅनमध्ये काही दिसण्याच्या कितीतरी आधी रक्त सांगून टाकतं.

पिशवी साफ केल्यावर दर आठवड्याला, फार तर पंधरवड्याने, तपासणी होते आणि आकडा नॉर्मल येईपर्यंत चालते. बहुतेक लॅबमध्ये लिटरमागे ५ युनिटच्या आत आला की नॉर्मल धरतात. सुरुवातीला तो भराभर उतरतो: लाखाचे हजार व्हायला फार दिवस लागत नाहीत. शेवटचे शंभरेक उतरायला मात्र तो जीव खातो. अनेकींचा आकडा ८ ते १० आठवड्यांत नॉर्मल होतो. त्यानंतर महिन्याला एकदा. अपूर्ण द्राक्षगर्भात अशी एखादीच जादा तपासणी पुरते, पूर्ण द्राक्षगर्भात आणखी निदान तीन महिने, काही केंद्रं सहा महिने सांगतात.

दोन सूचना. दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा. वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात आणि उगाच झोप उडते. दुसरं, आकड्यांचा एक कागद किंवा आलेख स्वतःजवळ ठेवा. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, उतरण बघायची असते. ८०० हा आकडा आधी ६,००० असेल तर आनंदाचा, आधी ७९० असेल तर काळजीचा.

आकडा थांबलाय. कॅन्सर कधी म्हणायचा?

याचे नियम ठरलेले आहेत. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने ते घालून दिले आहेत. तीन आठवड्यांत घेतलेले चार आकडे एकाच पातळीवर घुटमळत असतील, म्हणजे १० टक्क्यांच्या आतच वर-खाली होत असतील, तर जीटीएन. दोन आठवड्यांत घेतलेले तीन आकडे १० टक्क्यांहून जास्त चढत गेले, तरी जीटीएन. पॅथॉलॉजीत कोरिओकार्सिनोमा दिसला तर थेट निदान. एकाच चढत्या आकड्यावर केमो सुरू करत नाहीत, आणि मधल्या काळात नवीन दिवस राहिलेले नाहीत ना, याची सोनोग्राफीने खात्री करतातच.

बायोप्सी नाही, तुकडा तपासला नाही, आणि सरळ केमो? हे कसं पटायचं?

नातेवाइकांचा हा अगदी रास्त प्रश्न. बाकी जवळपास सगळ्या कॅन्सरांत तुकडा तपासल्याशिवाय औषध सुरू करणं ही चूक ठरेल. इथे नियम उलटा आहे. या गाठी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या असतात. कधी योनीमार्गात निळसर-जांभळी गाठ दिसते आणि सवयीने तिचा तुकडा घ्यायला हात पुढे होतो. तो आवरायचा, कारण मग रक्त थांबवणं मुश्कील होऊन बसतं. शिवाय अलीकडचं गरोदरपण आणि चढता एचसीजी या दोन गोष्टी एकत्र असल्या की निदानाला तुकड्याची गरज उरत नाही. अपवाद पीएसटीटी आणि ईटीटीचा. तिथे तुकडा लागतो.

मग तपासण्या कोणत्या होतात?

योनीमार्गाची तपासणी, गर्भाशयाची डॉप्लरसह सोनोग्राफी आणि छातीचा साधा एक्स-रे. हो, साधा एक्स-रे. सीटी स्कॅनमध्ये बारीक ठिपके जास्त दिसतात, पण आजाराची जोखीम ठरवणाऱ्या स्कोअरसाठी (तो पुढे सांगितला आहे) फुप्फुसातल्या गाठी एक्स-रेवरच मोजायच्या असं ठरलेलं आहे. फुप्फुसात ठळक गाठी दिसल्या किंवा आजार कोरिओकार्सिनोमा असेल तर मेंदूचा एमआरआय आणि पोटाचा स्कॅन करतात. फुप्फुस आणि योनीमार्ग दोन्ही स्वच्छ असतील तर आजार मेंदूत किंवा यकृतात गेलेला असणं फार दुर्मीळ. त्यामुळे सगळ्यांनाच सगळे स्कॅन लागत नाहीत.

फाइलवर ‘स्टेज ३, स्कोअर ४’ लिहिलंय. स्टेज तीन म्हणजे फार पुढे गेलाय ना?

स्टेजचा आकडा पाहून घरात रडारड होते, म्हणून हे सविस्तर. स्टेज १ म्हणजे आजार गर्भाशयात, २ म्हणजे आसपासच्या जननेंद्रियांपर्यंत, ३ म्हणजे फुप्फुसांत, ४ म्हणजे यकृत, मेंदू वगैरे अवयवांत. पण या आजारात उपचार स्टेजवर नाही, स्कोअरवर ठरतो. फुप्फुसात दोन गाठी असलेली ‘स्टेज ३’ची बाई एका औषधाने पूर्ण बरी होऊ शकते.

स्कोअर आठ गोष्टींवर काढतात: वय, आधीचं गरोदरपण कोणतं होतं, त्याला किती महिने झाले, एचसीजी किती, सगळ्यात मोठी गाठ केवढी, आजार कुठे पसरला, किती गाठी, आणि आधी केमो फसली आहे का. प्रत्येकीला ०, १, २ किंवा ४ गुण. बेरीज ६ पर्यंत आली तर कमी जोखीम, ७ किंवा जास्त असेल तर जास्त जोखीम, १३ पासून पुढे अतिजोखीम.

कल्पनेतल्या दोघी घेऊ. पहिली २६ वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी द्राक्षगर्भ, एचसीजी ४५,००० (२ गुण), गर्भाशयात साडेतीन सेंटीमीटरची गाठ (१), फुप्फुसात दोन गाठी (संख्येचा १, फुप्फुस या जागेचा शून्य). बेरीज ४. दुसरी ४१ वर्षांची (१). आठ महिन्यांपूर्वी (२) पूर्ण दिवसांचं बाळंतपण (२), एचसीजी दीड लाख (४), गर्भाशयात जेमतेम दोन सेंटीमीटरची गाठ, बाहेर कुठेही काही नाही. बेरीज ९. कागदावर स्टेज १ असूनही हिलाच जड उपचार लागतील. महिने किती गेले आणि आधी काय झालं होतं, हे विचारण्यामागे असं कारण असतं. तारखा आठवून, लिहून न्या.

कमी जोखीम असेल तर काय करतात?

एकच औषध देतात, बहुधा मेथोट्रेक्सेट. प्रचलित पद्धतीत ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत १, ३, ५ आणि ७ व्या दिवशी, आणि प्रत्येक इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी १५ मिलिग्रॅम फॉलिनिक अ‍ॅसिडची गोळी. अशी फेरी दर दोन आठवड्यांनी. काही केंद्रं अ‍ॅक्टिनोमायसिन-डी शिरेतून देतात, दोन आठवड्यांतून एकदा.

मेथोट्रेक्सेटने सहसा केस जात नाहीत. तोंड येतं, डोळे चुरचुरतात, कधी छातीत श्वासाबरोबर टोचतं. पुष्कळ जणी या काळात कामावर जातात. साधारण तिघींपैकी एकीचा आकडा मधेच अडतो आणि औषध बदलावं किंवा वाढवावं लागतं. स्कोअर ५ किंवा ६ असेल तर ही शक्यता जास्त. औषध बदललं म्हणजे हातातून गेलं असं नाही: कमी जोखमीच्या गटात बरं होण्याचं प्रमाण अखेरीस जवळजवळ १०० टक्के आहे.

आकडा नॉर्मल आला. तरी आणखी सहा आठवडे इंजेक्शनं कशाला?

कारण आकडा नॉर्मल झाला तरी हजारो पेशी उरलेल्या असू शकतात. तपासणीत दिसत नाहीत इतक्याच. म्हणून नॉर्मलनंतर आणखी दोन-तीन फेऱ्या देतात.

हा धडा एका माणसाला नोकरी गमावून मिळाला. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मिन चिउ ली हे डॉक्टर रॉय हर्ट्झ यांच्याबरोबर काम करत होते. फुप्फुसात पसरलेल्या कोरिओकार्सिनोमावर त्यांनी मेथोट्रेक्सेट दिलं आणि गाठी विरघळल्या. १९५६ साली हे प्रसिद्ध झालं. एक्स-रे स्वच्छ झाला तरी लघवीतलं संप्रेरक पूर्ण जाईपर्यंत ली औषध देत राहिले. गाठ दिसत नाही आणि हा माणूस विष टोचतोय, असं वरिष्ठांना वाटलं. लींना संस्था सोडावी लागली. पुढे दिसून आलं की ज्यांचं औषध लवकर थांबवलं त्यांचा आजार उलटला, आणि लींच्या पद्धतीने शेवटपर्यंत उपचार झालेल्या बऱ्या राहिल्या. १९७२ साली केमोथेरपीतल्या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत ली आणि हर्ट्झ दोघेही होते. पसरलेला, गाठींचा कॅन्सर नुसत्या औषधाने बरा होऊ शकतो हे जगाला पहिल्यांदा याच आजाराने दाखवलं.

तेव्हा ‘आता बरं वाटतंय, उरलेली इंजेक्शनं राहू देत’ असं मनात आलं तर थांबा. या आजारात उपचार अर्धवट सोडणं हेच सगळ्यात महागात पडतं.

जास्त जोखमीचा असेल तर?

पाच औषधं मिळून देतात: इटोपोसाइड, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी, आणि आठवड्याने सायक्लोफॉस्फमाइड व व्हिन्क्रिस्टिन. आद्याक्षरांवरून त्याला ईएमए-सीओ म्हणतात. दोन आठवड्यांची एक फेरी. यात केस जातात, पांढऱ्या पेशी उतरतात, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. अनुभवी केंद्रांत ९० टक्क्यांहून जास्त स्त्रिया बऱ्या होतात. पसरलेल्या कॅन्सरसाठी हा आकडा विलक्षण आहे.

अगदी फैलावलेला आजार असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण डोस देत नाहीत. गाठी एकदम फुटल्या तर फुप्फुसात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून एक-दोन आठवडे इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन हलक्या मात्रेत देऊन आजार आधी नरम करतात. मेंदूत गाठ असेल तर मेथोट्रेक्सेटची मात्रा वाढवतात, कधी पाठीच्या मणक्यातूनही औषध देतात. सगळी औषधं थकली तर अलीकडे पेम्ब्रोलिझुमॅब किंवा अ‍ॅव्हेलुमॅबसारख्या इम्युनोथेरपीचा उपयोग होतो. वडिलांची जनुकं असलेल्या या पेशी आईच्या शरीराला परक्या असूनही प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतात. ही औषधं तो बुरखा काढतात.

पीएसटीटी आणि ईटीटी वेगळे कसे?

ते हळू वाढतात, एचसीजी थोडंच तयार करतात आणि केमोला फारशी दाद देत नाहीत. आधीच्या गरोदरपणानंतर कित्येक वर्षांनीही उगवू शकतात. आजार गर्भाशयापुरता असेल तर गर्भाशय काढणं हाच मुख्य उपचार. शेवटच्या गरोदरपणाला ४ वर्षांहून जास्त झाली असतील तर तो जास्त चिवट धरतात. स्कोअर इथे लागू होत नाही.

गर्भाशयच काढून टाकलं तर केमोची कटकट संपेल ना?

मुलं नको असलेल्या, चाळिशीपुढच्या बाईला हा पर्याय देता येतो आणि त्याने केमोची गरज कमी होते. पण संपत नाही. पेशी रक्तातून आधीच बाहेर गेलेल्या असू शकतात, म्हणून ऑपरेशननंतरही एचसीजी तपासावंच लागतं. तरुण वयात, केमोने बरा होणाऱ्या आजारासाठी गर्भाशय काढायची घाई करणारा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. भयंकर रक्तस्राव होत असेल तर गोष्ट निराळी.

एचसीजीचा आकडाच खोटा असेल असं होतं का?

होतं, दोन्ही बाजूंनी. काहींच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की ती यंत्राला फसवतात आणि आजार नसताना वर्षभर आकडा थोडासा चढा दिसतो. ती प्रतिपिंडं लघवीत उतरत नाहीत, त्यामुळे लघवीतली तपासणी निगेटिव्ह आली की उलगडा होतो. पाळी जायच्या वयात मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथीही थोडं एचसीजी सोडते. उलट टोकाला, एचसीजी लाखांनी वाढलेलं असताना चाचणी गुदमरते आणि चक्क कमी किंवा निगेटिव्ह दाखवते. लक्षणं आणि रिपोर्ट जुळत नसतील तर नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगायचं. हे लॅबला सुचवण्यात संकोच नको.

पुढे मला मूल होईल का? किती थांबायचं?

होईल, बहुतेकींना होतं. नुसता द्राक्षगर्भ असेल तर एचसीजीचा पाठपुरावा संपेपर्यंत थांबा. केमो झाली असेल तर ती संपल्यापासून एक वर्ष. आजार उलटला तर बहुधा त्याच वर्षात उलटतो, आणि नवे दिवस राहिले की एचसीजी आपोआप चढतं, मग ते बाळाचं की आजाराचं हे कळेनासं होतं. गर्भनिरोधक गोळ्या चालतात. तांबी मात्र आकडा नॉर्मल होईपर्यंत बसवू नये, गर्भाशयाला इजा होऊ शकते. थांबायच्या वर्षात चुकून दिवस राहिले तर घाबरून लगेच पाडून टाकू नका, आधी केंद्राशी बोला.

पाच औषधांच्या केमोनंतर पाळी जायची वेळ काही वर्षं अलीकडे येऊ शकते. तुम्ही पस्तिशी ओलांडली असेल तर हे आधीच विचारून घ्या.

द्राक्षगर्भ पुन्हा होईल?

एकदा झाल्यावर पुन्हा होण्याची शक्यता १ ते २ टक्के, म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना होत नाही. पुढच्या वेळी सोनोग्राफी लवकर करून घ्या. लागोपाठ दोन-तीन वेळा झाला, किंवा बहिणींनाही झाला असेल, तर एनएलआरपी-७ या जनुकाची तपासणी करतात. त्यात दोष निघाला तर स्वतःच्या बीजातून निरोगी गर्भ राहणं फार अवघड असतं, मात्र दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन मूल होऊ शकतं.

उपचार चालू असताना काय टाळायचं?

मेथोट्रेक्सेट चालू असताना मनाने फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेऊ नका. गरोदरपणातल्या उरलेल्या गोळ्या बऱ्याच घरांत पडून असतात, ‘शक्तीच्या’ गोळ्यांतही ते असतं, आणि त्याने औषधाचा जोर कमी होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेलं फॉलिनिक अ‍ॅसिड वेगळं, ते वेळेवर घ्यायचंच. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची औषधं विचारल्याशिवाय नकोत. दारू नको. उन्हाने कातडी पटकन भाजते. पाणी भरपूर प्या. अंगावर दूध पिणारं बाळ असेल तर केमोत ते बंद करावं लागतं. रक्त जात असेल किंवा योनीमार्गात गाठ असेल तर संबंध टाळा.

आजार घरच्या कुणाला लागेल का?

नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची: पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर आईला कोरिओकार्सिनोमा निघाला तर बाळाचंही एचसीजी एकदा तपासून घेतात. बाळापर्यंत तो पोचणं अतिशय दुर्मीळ, पण तपासणी एका सुईची आहे.

सगळं संपलं, वर्ष उलटलं, आता दिवस राहिलेत. डॉक्टरांना काय सांगू?

पहिल्याच भेटीत जुना इतिहास सांगा आणि आकड्यांचा तो कागद दाखवा. सहाव्या ते आठव्या आठवड्यात सोनोग्राफी. केमोमुळे बाळात व्यंग येईल अशी भीती बाळगू नका; वर्षभर थांबलेल्यांमध्ये असं प्रमाण वाढलेलं आढळत नाही. बाळंत झाल्यावर वार पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा, आणि सहा आठवड्यांनी एकदा बीटा एचसीजी करून घ्या. मूल होवो वा गर्भपात होवो, केमो झालेल्या बाईने ही एक तपासणी दर वेळी करायची.